परवाना खुला, वही बंद : एका पाणी-वहीचं प्रकरण

कोकणातल्या लांज्याहून फोन आला तेव्हा मुलांसाठीची आमची पाण्यावरची वही इंटरनेटवर टाकून जेमतेम दोन महिने झाले होते. पलीकडे जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या एक बाई होत्या. आधी त्यांनी वहीचं मनापासून कौतुक केलं. मग म्हणाल्या, "सर, शेवटच्या पानावर तुम्ही लिहिलंय की ही वही कुणीही बदलून वापरावी. मी बदलायला बसले. पण मजकूर उचलून वर्डमध्ये टाकला की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं येतात. माझ्या कॉम्प्युटरचं काही बिघडलंय का?"

त्यांच्या कॉम्प्युटरला काही झालेलं नव्हतं. चूक माझी होती. ती कशी झाली आणि निस्तरायला कुठली साधनं कामी आली, ते सविस्तर लिहून ठेवतो. अशा वह्या, टाचणं, पुस्तिका गावोगाव जुन्या सीड्यांमध्ये पडून आहेत आणि त्यांच्यावर काम करू पाहणाऱ्याला याच वाटेनं जावं लागणार आहे.

वही

सासवड परिसरातल्या चार शिक्षकांनी २००४ साली सहावी ते आठवीच्या मुलांसाठी पाण्यावर एक कार्यवही तयार केली. ४४ पानं, एका रंगात छापलेली. गावाचा उतार कुठे, ओढे कुठून कऱ्हेला मिळतात याचा नकाशा मुलांनी स्वतः काढायचा. प्लॅस्टिकच्या बाटलीचं पर्जन्यमापक करायचं. शाळेच्या छपरावर वर्षात किती पाणी पडतं त्याचं गणित करायचं : छप्पर १० मीटर लांब, ५ मीटर रुंद, पाऊस ५०० मिलिमीटर धरला तर २५,००० लिटर. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर, हे एकदा मुलाच्या हाताला लागलं की पुढची सगळी गणितं सोपी होतात. पुरंदरसारख्या पर्जन्यछायेतल्या तालुक्यात या आकड्यांना किती अर्थ आहे ते वेगळं सांगायला नको.

वही एका छापखान्यात पेजमेकर या पानं लावायच्या सॉफ्टवेअरवर लावली गेली होती. पुढे तिच्या झेरॉक्सच्या झेरॉक्स फिरत राहिल्या. २०२१ मध्ये शाळा बंद होत्या तेव्हा त्या चार शिक्षकांतल्या एका सरांनी मला विचारलं, "ही नेटवर टाकता येईल का?" मी बरीच वर्षं डीटीपीचं काम केलेलं. छापखान्यातून पीडीएफ मिळवली, शेवटच्या पानावर क्रिएटिव्ह कॉमन्सचा 'श्रेय द्या, तसंच पुढे वाटा' हा ४.० परवाना लिहिला आणि फाईल चढवली. परवाना लिहिला की साहित्य खुलं झालं, असं मी धरून चाललो होतो.

बाईंना काय बदलायचं होतं

यावर थोडं थांबतो, कारण पुढचे सगळे निर्णय इथून निघाले.

लांजा तालुक्यात पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पडतो. आमच्या वहीतलं छपराचं गणित तिथं ३,००० धरून केलं की त्याच छपरावर दीड लाख लिटर येतात. मुलं साहजिकच विचारणार, मग एप्रिलमध्ये आपल्या विहिरी कोरड्या का? या प्रश्नाला आमच्या वहीत उत्तर नव्हतं. आमच्याकडे खाली काळा पाषाण आणि त्यावर मुरूम. त्यांच्याकडे जांभा. सच्छिद्र दगड, पाणी मुरतं आणि उताराला फुटून निघून जातं. जमिनीच्या थरांची आकृतीच मुळात वेगळी हवी होती.

शब्दही वेगळे. आमचा 'ओढा' त्यांच्या मुलांना पुस्तकातला वाटतो. घरात शब्द आहेत व्हाळ आणि पऱ्या. आमची 'टेकडी' तिथं 'सडा' होते आणि सडा म्हणजे टेकडीही नव्हे, वरचं सपाट कातळाचं पठार. बाईंना ४४ पैकी साधारण पंधरा पानं बदलायची होती. बाकीची जशीच्या तशी चालणार होती. खुल्या शैक्षणिक साहित्याचा खरा उपयोग हाच आहे आणि नेमका तोच आमच्या फाईलनं अडवला होता.

खुल्या शैक्षणिक साहित्याचे अभ्यासक डेव्हिड वायली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये खुल्या साहित्यासाठी चार प्रश्न मांडले होते. फाईल बदलायचं साधन लोकांकडे आहे का? ते चालवायला किती कौशल्य लागतं? फाईल खरोखर बदलण्याजोगी आहे की नुसतं चित्र आहे? आणि वाचायची प्रत व मूळ फाईल एकच आहे का? आमची पीडीएफ या चारही प्रश्नांवर नापास होती. मी हे प्रश्न आधी वाचलेले होते, पण इंग्रजी साहित्यात पीडीएफमधून मजकूर निदान उचलता तरी येतो. मराठीत तेवढंही हाती लागत नाही, हे मी लक्षात घेतलं नव्हतं.

जुन्या फाँटातून युनिकोडमध्ये

पेजमेकरची शेवटची ७.० ही आवृत्ती २००१ ची. त्याला युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, कळत नाही. त्या काळी मराठी फाँट रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवून केलेले असत. पडद्यावर दिसायला 'क', आत साठवलेलं मात्र एखादं रोमन अक्षर. फाँट काढून घेतला की खालचा रोमन कचरा उघडा पडतो. बाईंना दिसलं ते हेच.

छापखान्यातल्या एका जुन्या मशीनवर पेजमेकर आणि मराठी फाँटांच्या सॉफ्टवेअरचं डोंगल (ते चालवायला मशीनला जोडावी लागणारी कळ) अजून चालत होतं. तिथं बसून प्रकरणागणिक मजकूर बाहेर काढला. पहिल्यांदा साध्या टेक्स्टमध्ये काढला आणि फसलो. मूळ वहीत इंग्रजी शब्द होतेच, पाण्याच्या तपासणीच्या पानावर 'पीएच' रोमनमध्ये होतं. साध्या टेक्स्टमध्ये कुठलं अक्षर कुठल्या फाँटात होतं ही खूण उरत नाही. त्यामुळे रूपांतर करणाऱ्या स्क्रिप्टनं, म्हणजे छोट्या प्रोग्रॅमनं, 'पीएच'सुद्धा मराठी समजून त्याची दोन निरर्थक अक्षरं करून टाकली. मग सगळं पुन्हा आरटीएफमध्ये काढलं. त्यात फाँटाचं नाव सोबत येतं, म्हणून फक्त मराठी फाँटातला मजकूर बदलता येतो. ज्यांच्यावर हे काम येईल त्यांनी ही एक गोष्ट पहिल्याच दिवशी करावी.

आता खरी गंमत रूपांतरात आहे. जुन्या फाँटात अक्षरं डोळ्याला दिसतात त्या क्रमानं साठवतात, युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमानं. पहिली वेलांटी दिसते अक्षराच्या आधी, पण युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर यावी लागते. 'किल्ला'मध्ये हे सोपं आहे, वेलांटी उचलून 'क'च्या मागे ठेवली की झालं. 'स्थिती'मध्ये वेलांटीला 'स्' आणि 'थ' दोन्ही ओलांडावे लागतात. स्क्रिप्टनं एकच अक्षर ओलांडलं तर 'सि्थती' होतं. जुन्या मराठी संकेतस्थळांवर 'परिसि्थती' पाहिलेलं प्रत्येकाला आठवत असेल. ते या एका चुकलेल्या नियमानं घडतं. रफाराचं उलटं आहे. 'वर्षा'मध्ये तो 'ष'च्या डोक्यावर दिसतो, पण युनिकोडमध्ये 'र्' आधी यायला हवा.

वेलांटी आणि रफाराचे नियम दोन दिवसांत बसले. आठवडा खाल्ला तो एका 'र'नं.

मराठीत 'र्य' आणि 'ऱ्य' वेगळे आहेत. सूर्य वेगळा, सुऱ्या वेगळ्या. हिंदीला या दुसऱ्या र ची गरज पडत नाही, म्हणून आम्ही वापरलेल्या तयार स्क्रिप्टमध्ये तो नव्हताच. परिणाम काय झाला? 'शेतकऱ्यांच्या विहिरी'चं 'शेतकर्यांच्या' झालं, ते निदान डोळ्याला खुपतं. पण सातव्या पानावर 'सह्याद्रीच्या दऱ्या' होत्या, त्यांचं 'सह्याद्रीच्या दर्या' झालं आणि तिघांच्या तपासणीतून ते सुटलं, कारण दर्या हाही मराठी शब्द आहे. शुद्धलेखन तपासणाऱ्या यादीलाही तो बरोबरच वाटला. दरीचा समुद्र झाला आणि कुणाच्या लक्षात आलं नाही.

सापडला तो कानाला. आमच्यातल्या एका बाईंनी मजकूर फोनच्या आवाजाकडून वाचून घेतला, कारण डोळे थकले होते. यंत्राचा आवाज 'दर्या' म्हणाला आणि त्या एकदम म्हणाल्या, "थांबा, समुद्र कुठून आला?" तेव्हापासून शेवटची तपासणी आम्ही ऐकूनच करतो.

त्यातही एक मेख आहे. 'ऱ्या' युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एक, खाली टिंब असलेला 'ऱ' आणि हलन्त. दोन, साधा 'र', हलन्त आणि त्यापुढे न दिसणारं एक जोडचिन्ह. दिसायला दोन्ही सारखे. पण एका पद्धतीनं लिहिलेला 'पऱ्या' दुसऱ्या पद्धतीनं शोधला तर सापडत नाही. आम्ही सगळीकडे पहिली पद्धत ठेवली. इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या प्रमाण कळफलकावर तो शिफ्ट दाबून 'र'च्याच कळीवर मिळतो, म्हणून तो शिकवायलाही सोपा. 'ॲ'चंही तसंच. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये आलं. त्याआधीच्या फाईलींत 'अ'वर चंद्र ठेवलेला असतो. तेही एकसारखं करून घेतलं.

तपासणीत एक युक्ती फार उपयोगी पडली. पीडीएफची पानं टेसरॅक्टला, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरला, देऊन त्याच्याकडूनही मजकूर वाचून घेतला. म्हणजे एकाच वहीच्या दोन प्रती झाल्या, एक स्क्रिप्टची, एक टेसरॅक्टची. टेसरॅक्ट चुकतो तिथं 'घ'चा 'ध' करतो, 'भ'चा 'म' करतो. स्क्रिप्ट चुकते ती क्रमात. दोघांच्या चुका एकाच जागी क्वचितच पडतात. लिबरऑफिस या वर्डसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये दोन दस्तऐवजांची तुलना लावली आणि जिथं फरक दिसला तेवढंच मूळ पानाशी ताडून पाहिलं. सगळी वही अक्षरन् अक्षर वाचण्यापेक्षा हे कितीतरी हलकं गेलं.

कुठल्या साधनात ठेवायची

मजकूर युनिकोडमध्ये आला. आता मूळ फाईल कशात ठेवायची?

मला मार्कडाउन हवं होतं. साध्या टेक्स्टमध्ये मजकूर, शीर्षकाला एक खूण, आणि पॅनडॉक या रूपांतराच्या साधनानं त्यातूनच ईपब (ई-पुस्तक), वेबपान, वर्ड सगळं काढायचं. कुठला बदल कुणी केला हे गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात ओळीगणिक दिसतं. तांत्रिकदृष्ट्या याहून स्वच्छ रचना मला आजही माहीत नाही. दोन शनिवार मी शिक्षकांना ती शिकवली. त्यांनी मन लावून शिकून घेतली. तिसऱ्या शनिवारी सगळ्यांचे बदल व्हॉट्सॲपवर वर्डच्या फाईलीत आले.

तेव्हा वायलींचा दुसरा प्रश्न मला नीट कळला. किती कौशल्य लागतं, याचं माप माझ्या हाताचं नव्हतं, लांज्याच्या बाईंच्या हाताचं होतं. त्यांच्या शाळेत एक डेस्कटॉप आहे, वीज जाते-येते आणि त्यांना काम करायला मिळतं ते परिपाठाच्या आधी अर्धा तास. त्या अर्ध्या तासात उघडेल, बदलेल आणि बंद करता येईल असंच साधन हवं. म्हणून मूळ फाईल लिबरऑफिस रायटरमध्ये, त्याच्याच ओडीटी या स्वरूपात ठेवली. फुकट आहे, नेट लागत नाही, देवनागरी जोडाक्षरं नीट मांडतं आणि वर्ड वापरणाऱ्याला परकं वाटत नाही.

एक शिस्त मात्र सोडली नाही, शैलींची. शीर्षक हातानं ठळक आणि मोठं करायचं नाही, 'शीर्षक १' ही शैलीच लावायची. 'कृती', 'प्रश्न', 'शिक्षकांसाठी' अशा आमच्या तीन शैली केल्या. डीटीपीच्या सवयीनं हात सारखा फाँटाच्या आकाराकडे जातो, मला स्वतःला ती सवय मोडायला वेळ लागला. पण शैली लावलेल्या असल्या की रायटर स्वतःच अनुक्रमणिका करतं, ईपबची प्रकरणं तिथंच तुटतात आणि डोळ्यांनी न दिसणाऱ्या वाचकाला मजकूर वाचून दाखवणारं स्क्रीन रीडर शीर्षकांवरून उड्या मारत जाऊ शकतं. दस्तऐवजाची भाषा 'मराठी' नोंदवायलाही विसरू नये. वेबपानावर ती 'एमआर' अशी लागली की काही फाँटांत 'ल' आणि 'श' आपल्या वळणाचे उमटतात, नाहीतर हिंदी वळणाचे येतात. लहान मुलांच्या वहीत हे महत्त्वाचं आहे.

मुलांनी पडद्यावर सोडवायच्या प्रश्नांसाठी एचफाइव्हपी पाहिलं. देखणं आहे, पण ते वर्डप्रेस, मूडल अशा संकेतस्थळात बसवून चालवायचं असतं, नाहीतर ल्युमी हे वेगळं सॉफ्टवेअर घ्यायचं. त्याऐवजी एक्सईलर्निंग घेतलं. न्यूझीलंडमध्ये सुरू झालेलं, पुढे स्पेनच्या सरकारी शिक्षण संस्थांनी सांभाळून वाढवलेलं हे साधन आहे. त्यातून वेबपानांचं एक फोल्डर निघतं, ते पेनड्राइव्हवर टाकलं की नेटशिवाय कुठल्याही ब्राउझरमध्ये चालतं. मला सगळ्यात भावलं ते हे की बाहेर काढलेल्या फोल्डरमध्येच बदलता येणारी मूळ प्रतही ठेवता येते. ज्याच्या हातात वाचायची वही आली, त्याच्या हातात बदलायची वहीही आली.

आकृत्या इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये नव्यानं काढल्या. जुन्या आकृत्यांतली नावं चित्रात मुरलेली होती. आता एसव्हीजी या चित्राच्या स्वरूपात 'मुरूम' हा शब्द शब्द म्हणूनच राहतो, त्यावर दोनदा टिचकी मारायची आणि 'जांभा' लिहायचं. समोरच्या मशीनवर फाँट नसला तर नावं विस्कटतात, म्हणून सोबत 'मुक्त' नावाचा फाँट दिला. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेनं केलेला आहे आणि त्याचा परवाना असा आहे की फाईलसोबत वाटता येतो. खुल्या साहित्यात बंद फाँट वापरला की पुढचा माणूस तिथंच अडतो.

परवाना, दुसऱ्यांदा

या निमित्तानं परवान्याचं कामही नीट केलं. पहिल्या वेळी मी चौघांपैकी एकालाच विचारलं होतं. कायद्यानं वही चौघांची. चौघांतले एक गुरुजी आता हयात नाहीत. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क वारसांकडे राहतो, म्हणजे त्यांच्या घरून लेखी संमती हवीच होती. त्यांच्या पत्नीकडे गेलो. काकूंनी कागद दोनदा वाचला आणि एकच विचारलं, "कुणी बदललं तरी यांचं नाव राहील ना?" मी म्हटलं, "हो काकू. नाव द्यायचं आणि आपण काय बदललं तेही सांगायचं, हीच या परवान्याची अट आहे." त्यांनी सही केली.

चार आकृत्या पाठ्यपुस्तकावरून उतरवलेल्या निघाल्या. वर्गात शिकवताना असं वापरायची सूट कायद्यात आहे, पण त्या सुटीवर उभं राहून आपण पुढच्याला परवाना देऊ शकत नाही. त्या काढून टाकल्या.

'व्यापारी वापर नको' ही अट घालावी का, यावर चर्चा झाली. दोन सर त्या बाजूचे होते, त्यांना कुणीतरी वही छापून विकेल ही भीती होती. मी विरोधात होतो. ती अट घातली की तालुक्याच्या गावचा झेरॉक्सवाला वही छापून देताना बिचकतो आणि आकृत्या विकिमीडिया कॉमन्सवर (विकिपीडियाच्या खुल्या चित्रसंग्रहात), पर्यायानं मराठी विकिपीडियावर जाऊ शकत नाहीत. शेवटी अट घातली नाही. आकृत्या कॉमन्सवर गेल्या. कॉमन्स ओडीटी घेत नाही, म्हणून ओडीटी, ईपब, पीडीएफ आणि फोल्डर असं सगळं इंटरनेट आर्काइव्ह या ऑनलाइन ग्रंथालयात एकाच नोंदीखाली ठेवलं.

परत लांजा

नवी फाईल बाईंना पाठवली, सोबत काहीच समजावून सांगितलं नाही. चार दिवसांनी त्यांनी एक पान फोटो काढून पाठवलं. 'ओढा'च्या जागी 'पऱ्या' आला होता, ऱ शाबूत. जांभ्याची आकृती त्यांनी स्वतः बदलली होती. एका ठिकाणी शीर्षक हातानं ठळक केलेलं होतं, ते मी फोनवर दुरुस्त करायला सांगितलं.

त्यांची प्रत पुरी व्हायला एक पावसाळा गेला. तिच्यात आमच्याकडे नसलेलं एक पान आहे : गावातल्या एका विहिरीत डिसेंबरपासून मेपर्यंत दर पंधरवड्याला दोरीला दगड बांधून सोडायचा, ओली दोरी मोजायची आणि आलेखावर टिंब द्यायचं. पाणी कधी आणि किती वेगानं उतरतं ते मुलांना त्या रेषेत दिसतं. सासवडच्या मुलांनाही हे हवंच होतं. आम्ही ते पान आमच्या वहीत घेतलं, 'व्हाळ'चा पुन्हा 'ओढा' केला आणि पानाखाली बाईंचं नाव लिहिलं. पहिल्या पानावर चौघांची नावं आहेत तशीच आहेत, गुरुजींचं तिसरं.

गणिताची सूत्रं अजून चित्र म्हणूनच आहेत. ती रायटरच्या सूत्र-खिडकीत बसवायचं काम बाकी आहे. त्यात देवनागरी आकडे आणि अपूर्णांकाची रेघ जुळवून घ्यायला वेळ लागतोय.